भालदार-चोपदारांचे डोळे सरळ करून मिळणेबाबत

उकंडा पेंटरनं भिंतीवर काढलेल्या भालदार-चोपदारांनी आपले तिरळे डोळे सरळ करून मिळावेत म्हणून भोपळखेडच्या तहसील कचेरीत रीतसर अर्ज दिला. सोमवार होता, त्यामुळं गर्दी होती.

हे दोघं कुंडलिक भोयराच्या दाराशी अकरा वर्षं उभे होते. कुंडलिकच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा उकंडानं त्यांना काढलं. दाराच्या उजवीकडं भाला घेतलेला लाल अंगरख्याचा भालदार, डावीकडं चांदीची काठी घेतलेला हिरव्या अंगरख्याचा चोपदार. भोपळखेड तालुक्यात लग्नघर म्हटलं की भिंतीला चुना, चुन्यावर गणपती, गणपतीखाली नवरा-नवरीची नावं आणि दाराला हे दोघं, हे ठरलेलंच. पुढं लग्न उरकतं, मुलगी नांदायला जाते, तिची पोरं मामाच्या गावाला येऊन त्याच भिंतीवर चेंडू आपटतात, आणि हे दोघं तिथंच उभे. त्यांना कोणी कधी बसा म्हणत नाही.

कचेरी तिथून दीड किलोमीटर. भिंतीवरच्या माणसाला भिंतीवरूनच चालावं लागतं. कुंडलिकच्या भिंतीवरून ते त्याच्या चुलतभावाच्या भिंतीवर गेले, तिथून शाळेच्या कंपाउंडवर, तिथून पिठाच्या गिरणीवर. नाल्यापाशी भिंत संपली. तिथं तासभर खोळंबा झाला. शेवटी एका दूधवाल्यानं पत्र्याचा तुकडा आडवा धरला, दोघं त्यावर सरकले आणि दूधवाल्यानं त्यांना पलीकडच्या मुतारीच्या भिंतीला लावून दिलं. पावलं त्यांना नव्हती. उकंडाला पावलं काढता येत नाहीत, म्हणून तो घोट्याखाली गवत काढतो. ते गवतासकट आले. कचेरीच्या शिपायानं पहिली हरकत घेतली ती गवताची. आत्ताच भिंत झाडली होती, असं त्याचं म्हणणं.

अर्ज कडुलिंबाखालच्या अर्जनवीसानं लिहून दिला होता. अर्जदार भालदार, राहणार दाराची उजवी बाजू. अर्जदार चोपदार, राहणार दाराची डावी बाजू. जाबदार उकंडा महादू डाखोरे, धंदा पेंटर.

नोटीस घेऊन कोतवाल आला तेव्हा उकंडा स्वतःच्या घराच्या भिंतीवर चढलेला होता. त्याच्या मंदाचं, शेंडेफळाचं, लग्न बारा दिवसांवर आलं होतं. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या दारांना पहारेकरी दिले होते. आता त्याच्या स्वतःच्या दाराची पाळी होती. गणपती झाला होता, नावं झाली होती, अंगरख्याच्या घड्या तर अशा पडल्या होत्या की गल्लीतला शिंपी दोनदा येऊन बघून गेला. फक्त डोळे राहिले होते. डोळे तो नेहमी शेवटी काढायचा.

"काय लिवलं हाय?" त्यानं शिडीवरूनच विचारलं. त्याची शाळा चौथीत सुटली होती आणि सरकारी अक्षर त्याला मुद्दाम वाकडं काढल्यासारखं वाटायचं.

त्याची बायको द्वारका सातवी शिकलेली होती. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "तुम्ही काढलेल्या माणसाईनं तुमच्यावर केस केली."

"कोन्या माणसाईनं?"

"कुंडलिकभाऊच्या दारचे. डोये तिरपे हायेत म्हन्ते त्याईचे."

"हायेतच तिरपे! मीच काढले ना तिरपे!" उकंडाचा हात हलला आणि गणपतीच्या कानाला पिवळा फराटा गेला. "अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत यक शबुद नाई. आन् आता माह्या पोरीचं लगन आलं तवाच याईले दिसाले लागलं काय?"

आता हे तिरळेपण कुठून आलं, तेही सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल की पेंटरलाच कमी दिसत असेल. उकंडा गणपत पेंटरच्या हाताखाली शिकला. गणपत पेंटरचं काम खाक्यावर. जाड कागदावर चित्र काढायचं, रेघांवर सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरून गेरूची पुरचुंडी थापटायची. ठिपके उमटले की जोडत जायचे. तीस गावांत एकच चेहरा, एकच नाक. चुकायची सोय नाही. पुढं एकदा कामाच्या गावीच उंदरांनी खाका खाल्ला, गणपत पेंटर तापानं घरी, आणि लग्न परवावर. उकंडानं हातानंच भालदार काढला. पहिला डोळा पाहुण्यांकडं बघत होता, बरा आला. दुसरा काढताना तो शिडीवरून उतरून पलीकडं गेला, तिकडून काढला, आणि तो डोळा खाली, चपला काढतात तिथं बघायला लागला. पुसायला गेला तर चुनाच निघायला लागला. घरधनी म्हणाला, हे काय? उकंडा म्हणाला, मी असेच काढतो.

पुढच्या घरी लाजेकाजेस्तव तसेच काढले. दहाव्या घरापर्यंत त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. पन्नासाव्या घरी त्यानं एका भालदारासमोर बसून चहा प्याला आणि त्याच्या ध्यानात आलं की हा माणूस दुसऱ्या कोणी काढूच शकत नाही. शंभराव्या घरापासून दुसरं काही काढायला गेलं तरी हेच यायचं. लोक लांबून ओळखायचे. एसटीतून जाणारा माणूस खिडकीतून म्हणायचा, उकंडाचं काम दिसतंय, बघतंय बघ दोन्हीकडं.

सुनावणी गुरुवारी झाली. नायब तहसीलदार तारे साहेब खुर्चीत, शेजारी अव्वल कारकून घोंगेबाई, आणि दोघं अर्जदार भिंतीवर, तालुक्याचा नकाशा आणि पंखा यांच्यामधल्या जागेत. चोपदाराला जागा पुरेना, म्हणून त्याची काठी थोडी नकाशावर आली होती, दोन गावं झाकून.

"बोला," तारे साहेब म्हणाले.

भालदारानं मुजरा केला. हे दोघं बोलायचे अगदी दरबारी. उकंडानं त्यांना काही शिकवलं नव्हतं; अंगरखाच तसा होता. "सरकार, आम्ही इमानी चाकर. पाहुणा दाराशी येतो, आम्ही आदबीनं झुकतो. परंतु आमचा एक नेत्र पाहुण्यावर आणि दुसरा त्याच्या पायताणावर. पाहुण्याचा समज होतो की आपल्यावर चोरीचा वहीम आहे. अकरा वर्षं आम्ही हा अपमान दुसऱ्याचा करतो आहोत."

"आणि माझा एक नेत्र," चोपदार म्हणाला, "सदा शेजारच्या गोठ्यात असतो. तिथं पाहण्याजोगं काही नाही, सरकार."

"साहेब, अकरा वर्षांत कुंडलिकच्या दारातून यक चप्पल गेली नाई," उकंडा म्हणाला. "इचारा त्याले."

"चपलेचा विषय पोलीस खात्याकडं जातो," तारे साहेब म्हणाले. "इथं विषय डोळ्यांचा आहे. तुम्ही डोळे तिरळे काढले, हे कबूल?"

"कबूल म्हंजे? तोच तर माहा हात हाय!"

घोंगेबाईंनी लिहून घेतलं. "हात. उजवा?"

"हाव, उजवा. पन मी म्हन्तो ते निरायं हाय बाई. हात म्हंजे माही पद्धत. माही खून. ते डोये पाह्यले का मानूस म्हन्ते, उकंडानं काढले."

"त्याचा काही दाखला?"

"कायचा दाखला?"

"ही पद्धत तुमची असल्याचा."

"अवं बाई, तालुक्यात दोन अडीचशे दारं हायेत, जाऊन पाहा की!"

"दारं जोडपत्र म्हणून लावता येत नाहीत," घोंगेबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या लग्नातही उकंडाचेच भालदार होते.

मग ग्रामीण रुग्णालयातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा अहवाल वाचला गेला. त्यांनी बुधवारी येऊन दोघांच्या डोळ्यांत थेंब टाकले होते. बुबुळं ओघळून मिशांपर्यंत आली, ती पुन्हा वर ढकलावी लागली. अहवालात एवढंच होतं की रुग्ण भिंतीस चिकटलेले असल्याने मागील बाजू तपासता आली नाही.

तारे साहेबांनी तात्पुरता हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत उकंडानं तालुक्याच्या हद्दीत कुठंही डोळा काढू नये. मात्र नमुना म्हणून या दोन अर्जदारांचे डोळे आठ दिवसांत सरळ करून द्यावेत.

"साहेब, माह्या पोरीचं लगन हाय," उकंडा म्हणाला. "घरच्या दाराले दोघं आंधये उभे हायेत."

"हुकूम सर्वांना सारखा," तारे साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढची केस बोलावली. ती बांधावरच्या बाभळीची होती.

घरी हे दोन आंधळे म्हणजे वेगळीच डोकेदुखी झाली. डोळे नसले तरी तोंडं काढून झाली होती. त्यामुळं कोणीही दाराशी आलं की दोघं एकदम ओरडायचे, "कोण आहे? कुठून येणं झालं?" कुरडया वाळत घालायला आलेल्या बायांना त्यांनी सतरा वेळा विचारलं. शेळीला मुजरा केला. नवरदेवाचा काका पसंतीची साडी घेऊन आला, त्याला "बकरी पुन्हा आली" म्हणाले.

"काहीतरी करा याईचं," द्वारका म्हणाली. "नाईतर मी पोतं टाकतो याईच्या तोंडावर."

 मंदा हातात मेंदीचा कोन घेऊन दारातल्या दोघांच्या चार पांढऱ्या खळग्यांकडं बघत बसायची, आणि बाप घरात आला की बघायचं थांबवायची. ते उकंडाला जास्त लागायचं.

कुंडलिकच्या दारचे डोळे सरळ करायला त्याला पूर्ण दिवस लागला. पहिल्यांदा काढले ते तिरळे आले. पुसून पुन्हा काढले, तरी तिरळे. मग त्यानं सुतळी बांधली, ओळंबा सोडला, नाकापासून दोन्हीकडं बोटं मोजली, कुंडलिकच्या घरातलं देवाचं कॅलेंडर समोर धरायला लावलं. ते कुंडलिकच्या बायकोनं धरलं. तिचे हात भरून आले. दुपारी उकंडानं डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट पकडलं आणि तसं, दुसऱ्याच्या पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घ्यावं तसं, ते डोळे काढले. सरळ आले. अगदी समोर.

"वा!" भालदार म्हणाला.

"समोर एक भिंत आहे," चोपदार म्हणाला.

"मग?"

"आणखी काही नाही. तेवढंच."

कुंडलिक शेतातून आला, दारात थबकला आणि परत रस्त्यावर जाऊन घर आपलंच आहे का ते बघून आला. कुत्रं भुंकायला लागलं. बायको कॅलेंडर गुंडाळत म्हणाली, "भाऊजी, काम चांगलं झालं, पन आमचे कुठी गेले?" आणि पलीकडून जाणारा एक म्हातारा सायकल थांबवून म्हणाला, "कोनाचं काम? गणपत पेंटरचं काय?"

गणपत पेंटर जाऊन वीस वर्षं झाली होती. उकंडानं ब्रश धुतले नाहीत. तसेच डब्यात टाकले आणि घरी आला, जेवला नाही, आणि रात्री दाराशी आला तेव्हा दोन्ही आंधळे म्हणाले, "कोण आहे?" तो तिथंच शिडीच्या खालच्या पायरीवर टेकला.

दुसरी सुनावणी लग्नाच्या आदल्या दिवशी ठेवली होती. घरी हळदीचं सामान येऊन पडलेलं, आणि उकंडा खिशात एक बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी घेऊन कचेरीत उभा. ब्रश का घेतला असं द्वारकेनं विचारलं होतं. तो म्हणाला, हात रिकामा असला का मले बोलता येत नाई.

निकाल आधीच टाइप होऊन आला होता. तारे साहेबांनी वाचून दाखवला. अर्ज मंजूर. यापुढं तालुक्यातल्या भिंतींवरचे सर्व डोळे, अर्जदारांच्या चेहऱ्यावर आजमितीस असलेल्या नमुन्याप्रमाणेच काढावेत. पूर्वीचे डोळे त्याप्रमाणे दुरुस्त करावेत. कसूर झाल्यास शिडी जप्त.

उकंडानं डबी घट्ट धरली. अडीचशे दारं. अडीचशे कुत्री भुंकणार.

"निकालाची प्रत अर्जदारांना द्या," तारे साहेब म्हणाले.

घोंगेबाईंनी अर्ज काढला, चष्मा लावला आणि भिंतीकडं बघितलं. पुन्हा अर्जाकडं बघितलं. "तुम्ही कोण?"

"आम्ही अर्जदार," भालदार म्हणाला.

"अर्जदार तिरळे आहेत. इथं लिहिलंय. ओळख पटण्याची खूण, दोन्ही डोळे दोन दिशांना."

"आमचे डोळे सरळ झाले, बाईसाहेब. त्याचसाठी तर अर्ज होता."

"ते बरोबर आहे. पण अर्ज तिरळ्यांचा आहे, आणि तिरळे हजर नाहीत. प्रत मी भलत्याच माणसाला कशी देऊ?"

तारे साहेबांनी कपाळ चोळलं. पंखा फिरत होता, चोपदाराची काठी आजही दोन गावं झाकून होती. "ओळख पटल्याशिवाय प्रत देता येणार नाही," ते शेवटी म्हणाले, "आणि प्रत दिल्याशिवाय निकाल लागू होत नाही. पेंटर, रंग आहे का जवळ?"

"हाय."

"यांना ओळख पटण्यापुरतं पूर्ववत करा."

"आन् मंग?"

"मग प्रत देऊ."

"साहेब, मी म्हन्तो, डोया म्हंजे काय खिडकी हाय काय, उघडली का लावली, लावली का उघडली? परवा मनगट धरून सरय केले. मनगट अजून दुखू रायलं."

"पेंटर, वेळ घालवू नका. चार वाजता ट्रेझरी बंद होते," तारे साहेब म्हणाले. ट्रेझरीचा या केसशी काही संबंध नव्हता, पण ते सगळ्यांना असंच म्हणायचे.

उकंडा खुर्चीवर चढला. मनगट धरलं नाही. भालदाराला दोन फटकारे, चोपदाराला दोन. दोघांचे डोळे आपापल्या दिशांना गेले, भालदाराचा एक साहेबांवर आणि एक दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगावर. दारातून आत येणारा एक शेतकरी चपला न काढताच थांबला आणि म्हणाला, "अरे, हे तं उकंडाभाऊचे!"

"पटली," घोंगेबाई म्हणाल्या. त्यांनी प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, वेळ घातली आणि प्रत दोघांच्या मधोमध भिंतीला चिकटवली.

उकंडा खुर्चीवरून उतरला नाही. "बाई, त्या निकालात नमुन्याचं काय लिवलं हाय, पुन्हा वाचता?"

घोंगेबाईंनी वाचलं. "अर्जदारांच्या चेहऱ्यावर आजमितीस असलेल्या नमुन्याप्रमाणेच."

"आजमितीस म्हंजे?"

"म्हणजे आज. प्रत दिली त्या तारखेला."

"मंग आजचा नमुना कोनता?"

घोंगेबाईंनी मान वर केली. तारे साहेबांनीही केली. शिपाई, तो शेतकरी आणि बाभळीच्या केसवाले दोघं, सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. भिंतीवरून चार डोळे चार ठिकाणी बघत होते.

"पण सरकार!" भालदार ओरडला. "आता आम्ही पुन्हा तिरळे!"

"निकाल लागू झाला," तारे साहेब म्हणाले. "तालुक्यातील सर्व डोळे याप्रमाणेच. डोळ्यांबाबत आणखी काही म्हणणं असेल तर नवा अर्ज करा. कारकून टाइप करून देतील, तुम्ही फक्त तोंडी सांगा."

भालदार-चोपदार निघाले. जाताना दोघांचं काहीतरी खलबत चाललं होतं, आणि उकंडानं त्यातला "अर्ज" हा शब्द ऐकला.

घरी येईपर्यंत ऊन कललं होतं. मांडवात बाया हळदीची गाणी म्हणत होत्या. उकंडानं मंदाला बाहेर बोलावलं, "इथं उभी राय," म्हणाला, आणि शिडी लावली. मनगट सैल होतं. एक डोळा मांडवाच्या तोंडाकडं, एक खाली पायपुशाकडं. मग उतरला, शिडी पलीकडं नेली, दुसऱ्याला तसेच. मंदा हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा ती भिंतीकडं बघून हसली.

"बाबा, तुमचेच झाले," ती म्हणाली.

भिंतीवरचा नवा भालदार दोन वेळा डोळे मिचकावून मांडवाकडं आणि पायपुशाकडं एकदम बघत होता. मग त्यानं घसा खाकरला. "पेंटरसाहेब, कामात खोट नाही, पण एक विनंती होती. हा उजवीकडचा डोळा जरा..."

 कोपऱ्यात उरलेल्या चुन्याची बादली होती. उकंडानं रुंद कुंचला बुडवला आणि भालदाराच्या मिशीखालून एक हात फिरवला. चोपदार "थांबा, मी तर काही..." एवढं म्हणाला, तोवर त्याच्यावरूनही फिरला. दोघांनी भाला आणि काठी जोरजोरानं हलवली. मग थांबले आणि आदबीनं उभे राहिले.

"अवो, तोंडं कुठी गेली याईची?" द्वारका हळदीची वाटी घेऊन आली होती. "सकाळी वऱ्हाड येते!"

"येऊ दे. डोये हायेत ना."

वऱ्हाड आलं. नवरदेवाचा बाप मांडवात शिरताना दाराकडं बघून म्हणाला, "उकंडाभाऊचंच काम, लांबूनच वळखू येते." तोंडांबद्दल त्यानं विचारलं नाही. सगळ्यांच्या चपला जागच्या जागी होत्या.

तेव्हापासून उकंडा भालदार-चोपदारांना तोंड काढत नाही. त्या लग्नसराईत त्यानं एकोणीस दारं केली, पुढच्या वर्षी तीसच्या वर. लोक आता त्याच्याकडं येऊन सांगतात, भाऊ, डोळे तुमच्या पद्धतीचे आणि तोंड नाही तसे काढा. जुन्या दारांवरही तो शिडी घेऊन फिरतो आणि चुन्याचा एकेक हात मारून येतो. कुंडलिकच्या दारी तो सगळ्यात आधी गेला.

गेल्या महिन्यात तहसील कचेरीतून पत्र आलं आहे. तालुक्यातल्या भिंतींवरील व्यक्तींना तोंडे नसल्याचं निदर्शनास आलं असून, त्याबाबत संबंधित भालदारांनी समक्ष येऊन तोंडी खुलासा करावा. पंधरा दिवसांची मुदत दिली होती. ती वाढवून पुन्हा पंधरा दिवस दिली. भालदारांनी अजून काही कळवलेलं नाही.